वाचकांचे प्रश्न: आयपीच्या आधी लागलेलं शून्य आणि इतर विचित्र पत्ते

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनचा आकडी पत्ता, तो नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने लिहिला तर सॉफ्टवेअर त्याचं काय करतं आणि खरं म्हणजे त्याने काय करायला हवं, म्हणून ते सगळे एकत्रच घेतले. आधीच एक सूचना, मासिकात आपण आकडे देवनागरीत छापतो, तुम्ही करून बघताना मात्र इंग्रजी आकडे टाका, आणि जिथे "०एक्स" छापलंय तिथे शून्य आणि त्याला चिकटून इंग्रजी एक्स असं समजा.

ताई, आमचं इचलकरंजीत सीसीटीव्ही बसवायचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा बॉक्स) स्क्रीनवर आयपी १९२.१६८.००१.०६४ असा दिसतो. लॅपटॉपवर तसाच्या तसा टाकून पिंग मारला (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) तर रिप्लाय येतो, पण ब्राउझरमध्ये टाकला की ऑफिसच्या प्रिंटरचं पान उघडतं! वायर बदलली, स्विच बदलला, डीव्हीआर रिसेट मारला. आता हात टेकले.

वायर आणि स्विच होते तसे परत लावा, त्यात काही दोष नाही. पिंग मारल्यावर जी पहिली ओळ येते ती नीट वाचा, तुम्ही टाकलं ०६४ पण तिथे १९२.१६८.१.५२ दिसत असेल, आणि माझी खात्री आहे की ५२ नंबर प्रिंटरला दिलेला आहे. आकड्याच्या आधी शून्य असलं की बहुतेक कॉम्प्युटर तो आकडा ऑक्टल म्हणजे आठाच्या हिशोबातला धरतात, मग ०६४ म्हणजे सहा गुणिले आठ अधिक चार, झाले ५२. डीव्हीआर बनवणाऱ्याने बिचाऱ्याने फक्त स्क्रीनवर सगळे आकडे एका रांगेत छान दिसावेत म्हणून प्रत्येक भाग तीन आकडी केला, त्याच्या मनात ६४ च होतं.

यातला खरा वैताग म्हणजे ही चूक कधी दिसते आणि कधी दिसतच नाही. ००१ चं ऑक्टलमध्येही १ च होतं, ००७ पर्यंत काहीच फरक पडत नाही, १०८ च्या आधी शून्य नाही त्यामुळे तोही बरोबर चालतो, ०६४ गुपचूप दुसऱ्याच मशीनवर जातो, आणि ०८९ टाकलं तर ऑक्टलमध्ये आठ आणि नऊ हे आकडेच नसल्यामुळे कॉम्प्युटर एकतर एरर देतो नाहीतर हे कुठल्यातरी वेबसाइटचं नाव असेल असं समजून शोधायला जातो. म्हणजे एकाच ऑफिसात तीन कॅमेरे, तिघांचे पत्ते एकाच पद्धतीने लिहिलेले, आणि तीन वेगळ्या तऱ्हा. माणूस वायरच बदलणार ना.

हे आलं कुठून ते सांगते. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात, इंटरनेट प्रोटोकॉलचा मूळ दस्तऐवज आरएफसी ७९१ हा १९८१ चा, त्यात पत्ता ३२ बिटांचा असतो हे पक्कं लिहिलंय, पण माणसांनी तो अक्षरात कसा लिहायचा याचा नियम नाही. मग १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये पत्ता वाचणारं इनेट-ॲडर नावाचं फंक्शन आलं आणि ते लिहिणाऱ्यांनी सी भाषेची सवय तशीच उचलली, पुढे शून्य म्हणजे ऑक्टल, पुढे ०एक्स म्हणजे हेक्स, सोळाच्या हिशोबातला आकडा. वर आणखी एक सोय, चार भाग लिहायलाच हवेत असं नाही, कमी लिहिले तर शेवटचा आकडा उरलेली सगळी जागा व्यापतो. म्हणून आजही टर्मिनलवर पिंग १२७.१ मारलं तर ते १२७.०.०.१ ला जातं आणि पिंग १.१ मारलं तर १.०.०.१ ला. त्या काळी नेटवर्क क्लास ए, बी, सी असे मोजत, एकाच मोठ्या नेटवर्कवरचं मशीन क्रमांकाने सांगायला ते सोयीचं होतं. लिखित नियम नव्हता त्यामुळे त्या फंक्शनचं वागणं हाच नियम होऊन बसला आणि बाकीच्या सिस्टिम्सनी तो उचलला.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे, पुढची शून्यं काढून १९२.१६८.१.६४ टाका आणि गिऱ्हाइकाच्या डीव्हीआरवर एक लेबल चिकटवून त्यावर असंच लिहून ठेवा. पण डिव्हाइस बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की स्क्रीन सुंदर दिसायला पत्त्यात शून्यं भरू नका, जागा भरायची असेल तर स्पेस वापरा. आणि पत्ता वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने अशा वेळी अंदाज बांधू नये, ६४ धरू नये आणि ५२ ही धरू नये, सरळ थांबून सांगावं की पुढचं शून्य काढा, नक्की कोणता आकडा ते कळत नाहीये.

नमस्कार, मी पुण्यात बॅकएंडला आहे. आमच्या ॲपमध्ये युजरने लिंक टाकली की सर्व्हर ती उघडून प्रिव्ह्यू आणतो. आतल्या नेटवर्कचे पत्ते कोणी टाकू नयेत म्हणून १२७., १०., १९२.१६८. आणि १६९.२५४. ने सुरू होणाऱ्या लिंक अडवल्यात. तरी ऑडिटवाल्यांनी फेल केलं, म्हणे आयपीचे वेगळे फॉरमॅट बघा. यादीत अजून किती प्रकार घालायचे?

एकही घालू नका, ही यादी करायची पद्धतच सोडून द्या, कारण तुम्ही अक्षरं तपासताय आणि कनेक्शन मात्र आकड्याला होतं.

१२७.०.०.१ हा एकच पत्ता घ्या, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता. तो १२७.१ असा लिहिता येतो, ०१७७.०.०.१ असा येतो, ०एक्स७एफ.०.०.१ असा येतो, सगळा एकत्र करून २१३०७०६४३३ असा एकच लांबलचक आकडाही चालतो, आणि यातली कुठलीही दोन रूपं मिसळली तरी चालतात. तुमची यादी यातला पहिला अडवेल, कारण तो योगायोगाने "१२७." ने सुरू होतो, बाकी सगळे आरामात आत. क्लाउडवर सर्व्हरच्या किल्ल्या जिथून मिळू शकतात तो १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता २८५२०३९१६६ असा लिहिला की तुमच्या चेकला त्यात ठिपकासुद्धा सापडणार नाही. शिवाय १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची प्रायव्हेट रेंज यादीत राहूनच गेलीय, ०.०.०.० राहिलंय जे लिनक्सवर आपल्याच मशीनला जाऊन लागतं, आणि आयपीव्ही६ म्हणजे १२८ बिटांचे नवे पत्ते तर अख्खेच राहिलेत.

हा फक्त तुमच्या टीमचा प्रश्न नाही, २०२१ साली एकामागोमाग एक मोठमोठ्या लायब्ऱ्या यात सापडल्या. मार्चमध्ये नोड जेएसचं नेटमास्क नावाचं पॅकेज सापडलं, असंख्य प्रोजेक्ट्सच्या पोटात बसलेलं, ते पुढचं शून्य नुसतं टाकून द्यायचं, म्हणजे ०१७७.०.०.१ दिसलं की १७७.०.०.१ समजून "हा बाहेरचा पत्ता, जाऊ द्या" म्हणायचं आणि प्रत्यक्ष कनेक्शन करणारं खालचं फंक्शन ते ऑक्टल धरून १२७.०.०.१ वर जायचं. मग त्याच वर्षी पर्लच्या लायब्ऱ्या, पायथनचं आयपीॲड्रेस मॉड्यूल, गो, रस्ट, सगळीकडे याच जातीच्या चुका बाहेर आल्या. पायथनची गोष्ट तर मला फार बोलकी वाटते, तिथे आधी संशयास्पद शून्यं नाकारली जात होती, ३.८ मध्ये ती चालवून घ्यायला लागले आणि मग ३.९.५ मध्ये परत नाकारायला सुरुवात केली. गो ने १.१७ मध्ये आणि रस्टने १.५३ मध्ये तेच केलं. एवढ्या अनुभवी लोकांनी शेवटी एकाच निर्णयावर यावं यातच काय ते आलं, पुढे शून्य असेल तर पत्ता अवैध.

नीट बघा यात चूक नेमकी कुठे होती, एका फंक्शनने पत्ता एका अर्थाने वाचला आणि दुसऱ्याने दुसऱ्या अर्थाने, दोघं आपापल्या जागी बरोबर असतील पण परवानगी एका पत्त्याला मिळाली आणि गाडी दुसऱ्याच पत्त्यावर गेली. म्हणून तुमच्या कोडमध्ये पत्ता एकदाच वाचला गेला पाहिजे. लिंक आली की तुमच्या लायब्ररीच्या अधिकृत यूआरएल पार्सरने होस्ट (लिंकमधलं नाव किंवा आकडा) वेगळा काढा, रेजेक्सने म्हणजे अक्षरांचा नमुना जुळवून नको. तो नाव असेल तर डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) विचारा, आकडा असेल तर कडक नियमाने वाचा, दोन्ही वाटांनी शेवटी हातात येईल तो ३२ किंवा १२८ बिटांचा खरा पत्ता, आणि त्या आकड्याला विचारा की तू प्रायव्हेट आहेस का, लूपबॅक म्हणजे स्वतःकडेच जाणारा आहेस का, लिंक लोकल म्हणजे १६९.२५४. वाला आहेस का. मग कनेक्शन त्याच तपासलेल्या आकड्याला करा, परत नाव देऊन दुसऱ्यांदा डीएनएसला विचारायला लावू नका, कारण मधल्या काळात समोरचा उत्तर बदलू शकतो आणि बदलणारे बदलतातच. रिडायरेक्ट आला तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक वेळी. आयपीव्ही६ च्या आत लपवलेला आयपीव्ही४ (नेहमीचा ३२ बिटांचा पत्ता) म्हणजे ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ सारखा पत्ता आला तर आतला पत्ता बाहेर काढून मग तपासा.

आणि जमत असेल तर हा प्रिव्ह्यू आणणारा सर्व्हरच वेगळा ठेवा, ज्याला आतल्या नेटवर्कचा रस्ताच नाही. कोड कितीही नीट लिहिला तरी हे केलेलं बरं.

ताई मी नांदेडला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सी मध्ये नेटवर्क मॉनिटर करतोय. आमचे सर म्हणतात सॉफ्टवेअरने घेताना उदार असावं आणि देताना काटेकोर, म्हणून सगळे फॉरमॅट घ्यायला लाव. मित्र म्हणतो फक्त चार आकडेच घे. कोणाचं ऐकू?

सर सांगतायत ते तत्त्व इंटरनेटच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी जॉन पोस्टेल यांचं, १९८० च्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या दस्तऐवजात आलेलं, आणि त्या वेळी वेगवेगळ्या विद्यापीठांतली अर्धवट सॉफ्टवेअर्स एकमेकांशी बोलायला लागणं हीच मोठी गोष्ट होती, त्यामुळे त्याचं महत्त्व आहेच. पण उदारपणा तिथे चालतो जिथे आलेल्या गोष्टीचा अर्थ एकच निघतो. ०१० चा अर्थ एकाकडे दहा आणि दुसऱ्याकडे आठ निघत असेल तर तिथे उदार होणं म्हणजे न विचारता निर्णय घेणं. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्येही हेच मांडलंय की चुकीचं इनपुट मुकाट्याने पचवत राहिलं की ती चूकच पुढे प्रोटोकॉलचा भाग बनून बसते. तर या बाबतीत मित्राचं ऐक, आणि सरांना हे नीट समजावून सांग, ते ऐकतील.

सी मध्ये करायचं म्हणजे इनेट-एटॉन वापरू नको, इनेट-पीटॉन वापर. पहिलं सगळी जुनी रूपं घेतं, एवढंच नाही तर लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये १२७.०.०.१ नंतर एक स्पेस देऊन पुढे काहीही खरडलं तरी ते बरोबर म्हणतं! दुसरं फक्त चार भागांचा दशमान पत्ता घेतं. नावावरून पत्ता शोधणारं गेटॲडरइन्फो थेट वापरलंस तर मात्र लक्षात ठेव, ते आतून जुनीच रूपं स्वीकारतं, म्हणून आधी तुझा चेक आणि मग ते. टेस्ट लिहिताना २५६.१.१.१, १.२.३, १.२.३.४.५, शेवटी ठिपका असलेला, मध्ये स्पेस असलेला, ०८.८.८.८, ऋण आकडा, आणि रिकामी स्ट्रिंग एवढे तरी घे, आणि प्रत्येकाला नाकारताना कारण वेगळं दे.

हां, सगळीकडेच कडक असावं असंही माझं म्हणणं नाही. ब्राउझरना जुन्या लिंक सांभाळायच्या असतात, म्हणून ते २१३०७०६४३३ घेतात, पण घेतल्या घेतल्या त्याचं १२७.०.०.१ करून ॲड्रेस बारमध्ये दाखवतात, आणि पुढचं सगळं त्याच रूपावर चालतं. लिंकवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या कमांडनेही २०२१ पासून हेच धरलंय. हा मार्ग मला पटतो, घ्यायचं असेल तर दारातच सरळ करून घ्या आणि काय समजलात ते दाखवा.

नाशिकहून. लॉगिनच्या टेबलमध्ये आयपीचा कॉलम १५ अक्षरांचा आहे. हल्ली काही नोंदी तुटलेल्या दिसतात आणि एकच माणूस दोन वेगळ्या आयपीने दिसतो. काय करावं?

१५ अक्षरं आयपीव्ही४ ला पुरतात, आयपीव्ही६ ला नाही, आणि आता जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवरून येणारे बरेच लोक आयपीव्ही६ वरूनच येतात. अक्षरात ठेवायचंच असेल तर ४५ अक्षरं लागतात. पण अक्षरात ठेवू नकाच, पोस्टग्रेस असेल तर त्यात इनेट हा टाइप आहे, मायएसक्यूएल असेल तर १६ बाइटचा बायनरी कॉलम घ्या. आणि कोणी ३२ बिटांचा इंटिजर सुचवला तर अनसाइन्ड आहे ना ते बघा, १९२.१६८.१.१ चा आकडा ३२३२२३५७७७ होतो, तो साइन्ड इंटिजरमध्ये मावत नाही.

एकच माणूस दोनदा दिसण्याचं कारण बहुतेक हे असेल की सर्व्हर एकाच सॉकेटवर दोन्ही प्रकारचे पत्ते ऐकतोय, तेव्हा १९२.१६८.१.६४ हा लॉगमध्ये ::एफएफएफएफ:१९२.१६८.१.६४ असा येतो. साठवण्याआधी पुढचा भाग काढून टाका. आयपीव्ही६ मध्ये तर एकच पत्ता शून्यं लिहून, शून्यं गाळून, कॅपिटलमध्ये, स्मॉलमध्ये असा कसाही लिहिता येतो, दाखवताना कोणतं रूप वापरायचं ते २०१० च्या आरएफसी ५९५२ मध्ये ठरवून दिलंय, अक्षरं स्मॉल, प्रत्येक भागातली पुढची शून्यं गाळायची, आणि शून्यांची सगळ्यात लांब रांग दोन कोलनच्या जोडीने दाखवायची. बहुतेक लायब्ऱ्या हे आपोआप करतात, तुम्ही फक्त युजरकडून आलेली स्ट्रिंग जशीच्या तशी साठवू नका.

म्हापशाहून एक काका विचारतात, मेसेजमध्ये लिंक आली, त्यात वेबसाइटचं नाव नाही, नुसता मोठा आकडा. उघडू का?

नका उघडू काका. ज्याला आपली ओळख लपवायची नाही तो माणूस अशी लिंक पाठवत नाही. २०२२ च्या सुरुवातीला इमोटेट नावाच्या मालवेअरच्या मेल्समध्ये हेक्स आणि ऑक्टलमधले पत्ते सापडले होते, नेहमीचा पत्ता शोधणाऱ्या फिल्टरना ते दिसू नयेत म्हणून. युक्ती जुनीच आहे, १९९८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ असा ठिपके नसलेला पत्ता दिसला की ही ऑफिसच्या आतली साइट आहे असं समजून तिला जास्त मोकळीक द्यायचा, मायक्रोसॉफ्टला त्यावर दुरुस्ती काढावी लागली आणि २००१ मध्ये त्याच प्रकारची आणखी एक काढावी लागली.

आम्ही ग्रामपंचायतींसाठी मराठी सॉफ्टवेअर करतो. हजेरीच्या मशीनचा आयपी सेटिंगमध्ये टाकावा लागतो. ऑपरेटर मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकड्यांत टाकतात, आमचं पायथनचं चेकिंग पास होतं, पण मशीन काही कनेक्ट होत नाही.

हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण तो आपल्याकडेच येणार आणि आपल्यालाच सोडवावा लागणार. तुमचा चेक रेजेक्समधल्या बॅकस्लॅश डी ने लिहिलेला असणार. पायथनमध्ये तो युनिकोडमधले सगळे अंक धरतो, त्यात देवनागरीही आले, इझडिजिट सुद्धा हो म्हणतं, आणि इंट ला देवनागरी १९२ दिला तर तो बिनबोभाट १९२ करून देतो, जावाचं पार्सइंटही तसंच. पण कनेक्शन करणाऱ्या फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत, ते अख्ख्या पत्त्याला एखादं डोमेन नाव समजून शोधायला जातं आणि अर्थात काही सापडत नाही. जपानी लोक वापरतात ते रुंद अंक असते तर नावांच्या नियमांनुसार त्यांचे साधे अंक झाले असते, देवनागरीला तशी सोय नाही.

माझं मत असं की इथे ऑपरेटरला नाकारू नका. मराठी सॉफ्टवेअरमध्ये मराठी आकडे टाकणं ही चूक नव्हे, आणि पुढच्या शून्यासारखे इथे दोन अर्थही निघत नाहीत, देवनागरी पाच म्हणजे कुठेही पाचच. म्हणून इनपुट आल्या आल्या फक्त हे दहा अंक साध्या अंकांत बदला, पायथनमध्ये ट्रान्सलेटने एका ओळीचं काम आहे, मग आयपीॲड्रेस मॉड्यूलला द्या, ते इंग्रजी अंकांशिवाय काही घेत नाही आणि पुढची शून्यंही नाकारतं, आणि डेटाबेसमध्ये तेच रूप साठवा. स्क्रीनवर परत देवनागरीत दाखवलं तरी हरकत नाही, फक्त कॉपी करताना इंग्रजी अंक कॉपी होतील असं करा, कारण तो पत्ता उद्या कोणीतरी ब्राउझरमध्ये पेस्ट करणार.

अंकांपलीकडे काही बदलू नका. पोर्ट लिहिताना कोलनच्या जागी विसर्ग पडतो, दिसायला अगदी सारखा, ठिपक्याच्या जागी कोणी दंड देतं, ते आपोआप दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, तिथे थांबा आणि मेसेज द्या. तो मेसेज "अवैध इनपुट" असा नको, "पत्त्यात विसर्ग आला आहे, तिथे कोलन द्या" असा पूर्ण वाक्यात द्या, कुठल्या जागी ते लाल करून दाखवा, आणि त्याच्या खाली बरोबर लिहिलेला एक नमुना पत्ता ठेवा, म्हणजे ऑपरेटरला तालुक्याला फोन लावावा लागणार नाही.